हात पुढे आला म्हणून डाव सोडायचा का?

पत्र

काका, नमस्कार. मी अकरावीत आहे, शिवाजी पेठेत राहते. सहावीपासून बुद्धिबळ खेळते, रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) १५६० आहे. गेल्या महिन्यात कोल्हापुरातच रेटिंग स्पर्धा झाली. दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद अशी वेळ होती. पहिल्याच फेरीत मला २०१० रेटिंगचे खेळाडू आले. आदल्या रात्री मोबाइलवर पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी, बघितल्यापासून पोटात गोळा आला होता. रात्री साडेबारापर्यंत त्यांचे जुने डाव बघत बसले.

पण डाव छान झाला. मधल्या खेळात त्यांची चूक झाली आणि मला एक प्यादं मिळालं. शेवटी दोघांचा एकेक हत्ती उरला. माझं ए४ वर मोकळं प्यादं (ज्याची वाट समोरचं कुठलंच प्यादं अडवू शकत नाही असं), त्याच्या मागे ए१ वर माझा हत्ती. राजाच्या बाजूला दोघांची तीन-तीन प्यादी. तेहतिसाव्या चालीला त्यांनी हत्ती ए५ वर आणून माझं प्यादं अडवलं, घड्याळ दाबलं, 'ड्रॉ?' म्हणाले आणि हात पुढे केला. माझ्याकडे चौदा मिनिटं होती, त्यांच्याकडे नऊ. मी काही विचारच केला नाही, हात मिळवून टाकला.

बाबा एवढे खूश झाले की येताना पेढे घेऊन आले. सरांनी मात्र स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, बघितली आणि एवढंच म्हणाले, 'जिंकायचा डाव सोडलास.' दुसरी फेरी हरले. तिसऱ्या फेरीत पाचवीतला, अजून रेटिंगही नसलेला मुलगा आला, त्याच्याशीसुद्धा हरले. बाबा म्हणतात अर्धा गुण मिळाला ते काय कमी आहे. सर तेव्हापासून नीट बोलत नाहीत. मे महिन्यात सांगलीला खेळायला जायचंय. मोठ्या रेटिंगसमोर बसलं की माझे हात कापतात. पुन्हा असं झालं तर बरोबरी घेऊ की खेळू? आणि त्या दादांना 'तो डाव मला समजावून सांगा' असं विचारलेलं चालेल का?

उत्तर

बाळ, तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्या स्थितीत खेळायला हवं होतं, आणि सांगलीत तशी स्थिती पुन्हा आली तर खेळ. समोर २०१० असो नाहीतर २३१०.

आता पट मांड आणि ती स्थिती लाव. तुझा हत्ती प्याद्याच्या मागे आहे, त्यांचा हत्ती प्याद्याच्या पुढे. हत्तींच्या शेवटात, म्हणजे हत्ती आणि प्यादीच उरलेल्या खेळात, ही गोष्ट एका प्याद्याहूनही मोलाची असते. प्यादं एकेक घर पुढे सरकलं की तुझ्या हत्तीला मागे जास्त मोकळी जागा मिळते आणि त्यांच्या हत्तीची जागा कमी होत जाते. शिवाय त्यांचा हत्ती तिथून हलू शकत नाही. हलला की तुझं प्यादं पुढे. म्हणजे त्यांचा सगळ्यात बलवान मोहरा पहारेकरी होऊन बसलाय आणि तुझा राजा फिरायला मोकळा आहे. राजा एफ३, ई४, डी४ असा मध्यभागी आण. मग त्यांना त्यांचा राजा ए प्याद्याकडे पळवावा लागतो. तो तिकडे गेला की राजाच्या बाजूची त्यांची तीन प्यादी उघडी पडतात आणि तुझा राजा तिकडे वळतो. एका राजाला दोन टोकं सांभाळता येत नाहीत. या पद्धतीत खूप चाली लागतात, घाई केली तर बरोबरीही होते, पण हरायचं म्हटलं तर तुला मुद्दाम मोठी चूक करावी लागेल.

याच धाटणीच्या शेवटावर एकदा जगज्जेतेपद ठरलं आहे. १९२७ साली ब्युनॉस आयर्समध्ये आव्हानवीर अलेखाइन आणि तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका यांची लढत झाली. त्याआधी अलेखाइनने कापाब्लांकाला एकदाही हरवलेलं नव्हतं आणि जाणकारांचं पारडं सरळसरळ कापाब्लांकाकडे झुकलेलं होतं. चौतिसाव्या डावात अलेखाइनकडे उरलं काय, तर ए पट्टीवरचं मोकळं प्यादं, त्याच्यामागे हत्ती आणि राजाच्या बाजूला तीनास तीन प्यादी. तुझ्यासारखंच. तो डाव ८२ चाली चालला, मध्ये तहकूबही झाला, आणि शेवटी कापाब्लांकाने पुढे खेळायला न येता चिठ्ठी पाठवून हार मान्य केली. तो डाव मिळव आणि सांगलीला जाण्याआधी पटावर हाताने मांडून बघ. मोबाइलवर बोट सरकवून नको. अलेखाइनचा राजा कुठे जातो, कुठे थांबतो आणि कधी वळतो, तेवढंच बघ. तुझ्या त्या डावाचं पुढचं अर्धं त्यात लिहिलेलं आहे.

आता रेटिंगचं बोलू. या आकड्याची तुला भीती वाटते ती तो नीट माहीत नसल्यामुळे. आर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ही पद्धत बसवली आणि १९७० मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, ती घेतली. दोन खेळाडू पुष्कळ डाव खेळले तर गुण साधारण कसे वाटले जातील, एवढाच अंदाज त्यातून निघतो. तुमच्यात ४५० चा फरक होता. फिडेच्या हिशेबात ४०० च्या वरचा फरक ४०० च धरतात, आणि तेवढ्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.९२ गुणांची अपेक्षा असते, तुझ्याकडून ०.०८ ची. हा आकडा डाव सुरू होण्याआधीचा. तेहतिसाव्या चालीपर्यंत तू एक प्यादं वर होतीस आणि हत्ती योग्य जागी होता. त्या क्षणी ०.०८ चा काही संबंध उरला नव्हता.

आणि हा आकडा किती पक्का असतो तेही बघ. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एका फटक्यात वर उचलली. २००० ला जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के मिळवले. काल १२०० असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी १५२० झाला. रात्रीत त्याचा खेळ सुधारला नव्हता. तुझ्या वयाच्या मुलांचं तर असं असतं की रोज दोन तास अभ्यास होतो, रेटेड स्पर्धा मात्र वर्षात मोजक्याच होतात. त्यामुळे खेळ पुढे निघून गेलेला असतो आणि आकडा मागून येत राहतो.

रेटिंगच्या गुणांचा हिशेबही करून टाकू, कारण बाबा तोच करत असणार. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूंना गुणक ४० असतो, म्हणजे मिळालेला गुण आणि अपेक्षित गुण यांच्यातल्या फरकाला ४० ने गुणतात. त्या बरोबरीने तुला १६.८ गुण मिळाले. जिंकली असतीस तर ३६.८ मिळाले असते, हरली असतीस तर ३.२ गेले असते. म्हणजे बरोबरीवरून वर जायला वीस आणि खाली यायला वीस. दोन्हीकडे सारखंच. अशा वेळी एकच गोष्ट विचारायची: इथून मी जिंकण्याची शक्यता जास्त की हरण्याची? तुझ्या स्थितीत याचं उत्तर द्यायला ग्रँडमास्टर लागत नाही.

आता समोरच्या खुर्चीत बस. त्यांचं वय अठराच्या पुढे असेल तर त्यांचा गुणक बहुधा २०. बरोबरीत त्यांचे ८.४ गुण गेले, हरले असते तर १८.४ गेले असते. शिवाय पहिल्याच फेरीत १५६० वाल्या मुलीशी हरलो हे चारचौघांत सांगावं लागलं असतं. २०१० चा खेळाडू ४५० ने खालच्या माणसाला चांगल्या स्थितीत कधीच बरोबरी देत नाही. त्याला ०.९२ हवे असतात, अर्धा नाही. त्याने हात पुढे केला याचा अर्थ तुझी स्थिती त्याला तुझ्याआधी कळली. त्या संध्याकाळी त्या खोलीत तुझ्या प्याद्याची खरी किंमत ओळखणारा पहिला माणूस तोच होता. त्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही. बरोबरी मागणं हा खेळाचा भाग आहे आणि त्याने तो केला.

तुला त्या वेळी काय करता आलं असतं ते मात्र नियमात लिहिलेलं आहे, आणि ते फार थोड्या मुलांना कुणी शिकवतं. बरोबरीचा प्रस्ताव चाल केल्यावर, घड्याळ दाबायच्या आधी द्यायचा असतो. घड्याळ दाबल्यावर दिला तरी तो रद्द होत नाही, पण तू लगेच उत्तर द्यायला बांधलेली नाहीस. प्रस्ताव देणाऱ्याला तो मागे घेता येत नाही. तू तोंडी नाही म्हणेपर्यंत किंवा चाल करण्यासाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो तुझ्यासमोर तसाच राहतो. म्हणजे तुझ्या त्या चौदा मिनिटांतली दहा तू निवांत वापरू शकली असतीस. स्कोअरशीटवर त्या चालीपुढे बरोबरीचं (=) चिन्ह लिहायचं, पेन खाली ठेवायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि पटाकडे बघायचं. समोरचा हात हवेत राहिला तर राहू दे, ते काही उद्धटपणाचं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने हात पुढे केला की मुली पटकन हात देतात, तो संस्कार घरात चांगला आहे. पटावर तुम्ही दोघं बरोबरीचे. कुणी एका मागोमाग एक प्रस्ताव देऊन त्रास देत असेल तर घड्याळ थांबवून आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलाव. नियम तुझ्या बाजूने आहेत.

बरोबरी कधीच घेऊ नकोस असं मात्र समजू नकोस. स्थिती तुझ्या विरोधात असेल, घड्याळात मिनिटभर उरलं असेल आणि समोरच्याने हात दिला, तर घे आणि नाव लिहून मोकळी हो. मला राग येतो तो नाव आणि आकडा बघून घेतलेल्या बरोबरीचा. आणि त्याहून जास्त राग येतो तो खालच्या खेळाडूने बाराव्या चालीपासून बरोबरीसाठी खेळण्याचा. मुलं काय करतात, मोठा खेळाडू आला की वजीर मारून घेतात, घोडे मारून घेतात, मोहरे संपले की बरोबरी होईल असं त्यांना वाटतं. रेटिंगचा फरक सगळ्यात जास्त दिसतो तो शेवटातच. ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, सगळेच पाठ करतात, हत्तींचे शेवट कोण पाठ करतं? मोहरे कमी झाले की चुकीला लपायला जागा उरत नाही, आणि त्या मैदानात वरचा माणूस वर्षानुवर्षं खेळलेला असतो. मारामारी पटाला हवी असेल तर कर, भीतीपोटी करू नकोस. उलटी खोडही असते: 'नाहीतरी हरायचंच आहे' म्हणून मोहरे फेकून हल्ला करायचा. तेही समोरच्याचा आकडा बघूनच खेळणं झालं.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचली ती तिसरी फेरी, आणि तू ती एका वाक्यात उरकलीस. पाचवीतला, रेटिंग नसलेला मुलगा. त्याच्यासमोर तू कशी बसली होतीस? मला वाटतं पहिल्या फेरीचा हात अजून डोळ्यांसमोर असणार, आणि हा डाव तर जिंकायचाच, पटकन संपवू, असं मनात असणार. त्याच्या चाली तू नीट बघितल्या नसशील. पहिल्या फेरीत तू २०१० कडे बघितलंस आणि पट राहिला, तिसऱ्यात रेटिंगच्या रकान्यातल्या रिकाम्या जागेकडे बघितलंस आणि पट राहिला. आजार एकच आहे. रेटिंग नाही याचा अर्थ बहुधा इतकाच की त्याने रेटेड खेळाडूंशी लागतात तेवढे डाव अजून खेळलेले नाहीत. मिळणाऱ्या रेटिंगची खालची मर्यादा आता १४०० आहे. तो पोरगा पुढच्या वर्षी तुझ्या वर असेल, असंही होऊ शकतं. त्या डावाची स्कोअरशीट काढ. पहिल्या फेरीइतकाच वेळ तिलाही दे.

पहिल्या फेरीत असा डोंगर समोर आला म्हणून नशिबाला दोष देत असशील तर तेही सोड. आपल्या कोल्हापूरच्या कुस्ती मैदानात वस्ताद मंडळी जोड बघून कुस्ती लावतात, वजन बघतात, वय बघतात, आधीच्या कुस्त्या बघतात. खासबागेत विजोड कुस्ती लागली तर प्रेक्षक ओरडतात. स्विस लीगची (आपल्या स्पर्धा याच पद्धतीने होतात) पहिली फेरी मात्र मुद्दाम विजोड असते. सगळ्यांना रेटिंगप्रमाणे उभं करतात, मध्ये कापतात आणि वरच्या अर्ध्याला खालच्या अर्ध्याशी लावतात. १२० खेळाडू असले तर पहिला एकसष्टाव्याशी खेळतो. मग दुसऱ्या फेरीपासून सारख्या गुणांचे एकमेकांसमोर येत जातात आणि जोड जुळत जाते. सांगलीतही हेच होईल. तुझं नाव यादीत खालच्या अर्ध्यात असलं तर मोठा माणूस येणारच, ते आधीच धरून चाल. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळाचं जे वातावरण उभं केलं, त्यात मे महिन्यात कित्येक पिढ्यांची पोरं अशाच मोठ्यांसमोर बसून शिकली.

खालच्या मानांकनाचं काय होतं म्हणशील तर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बघ. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकात ती उतरली तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं, ग्रँडमास्टर किताबही नव्हता. तिने दुसऱ्या मानांकित झू जिनरला बाहेर काढलं, हरिकाला हरवलं, माजी जगज्जेती तान झोंगयीला हरवलं आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायला खेळवलेल्या जलद डावांत. विश्वचषकाबरोबरच ग्रँडमास्टर किताब घेऊन परत आली. वय १९. त्या सामन्यांचे डाव बघशील तेव्हा ती बरोबरी मागते कधी आणि खेळत राहते कधी, तेवढंच लक्ष देऊन बघ.

हात कापण्याचं सांगतो. ते सगळ्यांचे कापतात, त्यावर औषध शोधू नकोस. आदल्या रात्री पेअरिंग आली की समोरचा पांढऱ्याने काय खेळतो, काळ्याने काय खेळतो, एवढं अर्ध्या तासात बघ आणि मोबाइल आईकडे दे. साडेबारापर्यंत त्याचे जिंकलेले डाव बघून तू फक्त घाबरायचा सराव केलास. डावात समोरचा भराभर खेळला तर आपणही भराभर खेळायचं नसतं. तुझं घड्याळ तुझं आहे. चाल आधी खेळायची आणि मग लिहायची, आधी लिहून ठेवणं नियमात बसत नाही. लिहून झाली की पेन ठेवायचा आणि त्याच्या चालीने पटावर काय बदललं ते आधी शोधायचं, आपलं काय खेळायचं ते नंतर. हात कापत असला तर मोहरा उचलण्याआधी घर नक्की कर, कारण हात लागलेला मोहरा हलवावाच लागतो.

बाबांच्या पेढ्यांवर रागावू नकोस. १५६० ने २०१० ला अडवलं हा आनंद खराच आहे आणि तो त्यांना मनापासून झाला. सरांचं म्हणणंही खरं आहे, फक्त ते अर्ध्यावर थांबले. जिंकायचा डाव सोडलास एवढं म्हणून सोळा वर्षांच्या मुलीला काय कळणार? त्यांच्याकडे जा आणि सांग, 'सर, चौतिसाव्या चालीपासून मी पांढरी खेळते, तुम्ही काळी खेळा, बरोबरी घ्यायची नाही.' पुढच्या रविवारी दोन डाव खेळा, पुढे आणखी दोन. कधी तू जिंकशील, कधी ते वाचवतील. त्यांची अबोला धरण्याची इच्छा पहिल्याच डावात संपेल, कारण कुठलाही खरा प्रशिक्षक असा शेवट समोर आला की बोलल्याशिवाय राहू शकत नाही.

आणि त्या २०१० वाल्या दादांना जरूर विचार. डाव संपल्यावर दोघांनी बसून तो पुन्हा मांडणं ही बुद्धिबळातली फार जुनी आणि चांगली रीत आहे, बहुतेक मोठे खेळाडू आनंदाने बसतात. निरोप सरांमार्फत पाठव, आणि बसाल तेव्हा सर किंवा बाबा सोबत असू देत. 'माझं काय चुकलं' असं विचारलंस तर ते ओपनिंगपासून सुरू करतील आणि वेळ तिथेच संपेल. त्याऐवजी पट तेहतिसाव्या चालीवर लावून ठेव आणि विचार, 'तुम्ही हात पुढे केलात तेव्हा माझ्या कुठल्या चालीची तुम्हाला काळजी होती?' ते जी चाल सांगतील ती स्कोअरशीटच्या मागे लिहून घे, आणि रविवारी सरांबरोबर पहिला डाव तिथूनच सुरू कर.